नान्नज ते सुदासरी: माळढोकाच्या मागावर

शनिवार, नान्नज

जैसलमेरला माळढोक बघायला निघायचं, पण आधी नान्नजला जाऊन यायचं, असं मी दादाला बजावून ठेवलं होतं. सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि द्राक्षबागा. सोनाका हे द्राक्षाचं वाण याच गावात निघालं, त्यामुळे इथल्या बागायतीचं कौतुक मलाही आहे. पण उजनीचं पाणी आणि बोअर येण्याआधी हा सगळा मुलूख कुसळी गवताचा होता, ज्वारीचा होता आणि माळढोकाचा होता.

सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमातून इथल्या माळांचे काही तुकडे राखले गेले, चराई थांबली, गवत उभं राहिलं. पक्ष्याला तेवढं पुरलं. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, तेही थेट 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, पिकं आली, तालुकेच्या तालुके आले. जमिनीचे व्यवहार अडले. दादा शेतकरी आहे, त्याला हे सगळं तोंडपाठ आहे. "अगं, कागदावर आठ हजार आणि खरं गवत किती? मूठभर. लोकांना वाटलं, या पाखरापायी आपण अडकलो. मग त्यांनी पाखरावर राग धरला." पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गवताच्या तुकड्यांवर आम्ही सकाळभर हिंडलो. काळविटांचा कळप दिसला, चंडोल दिसले, बांधाआडून एक लांडगा जाताना दिसला. माळढोक दिसला नाही, आणि तो दिसेल अशी आशा धरूनही आम्ही गेलो नव्हतो. एके काळी इथे दोन डझनांच्या आसपास पक्षी असायचे. आता एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात बातमी येते. मला सर्वांत जास्त खटकली ती मधूनमधून उभी असलेली गिरिपुष्पाची झाडं. ती माणसांनीच लावलेली आहेत. माळ मोकळा दिसला की तिथे झाड लावायचं, हे आपल्याकडे पुण्याचं काम समजलं जातं. माळढोकाला मात्र चहूकडे दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. झाडी वाढली की तो ती जागा सोडतो.

रविवार, प्रवास

वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरी एक्स्प्रेस. वसई गेलं, सुरत गेलं, अंधार पडला. दादाने घरून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन आम्ही झोपलो.

सोमवार, जोधपूर ते फलोदी

सकाळी जोधपूरला उतरलो. ठरवलेली गाडी स्टेशनबाहेर उभी होती. चालक पोकरणकडचा, साठीतला माणूस. "खम्मा घणी सा, बाईसा," म्हणून त्याने सामान उचललं. कशासाठी आलोय ते कळल्यावर तो खूश झाला. "लोग ऊँट देखने आते हैं. गोडावण देखने कोई नहीं आता." राजस्थानात माळढोकाला गोडावण म्हणतात. 1981 पासून तो या राज्याचा राज्यपक्षी आहे.

ओसियां सोडलं आणि जमीन वाळूची होत गेली. खेजडी, केर, बोर, रुई. मधेच एकदम हिरवीगार मोहरी दिसायची, कुठे कालव्याच्या पाण्यावर, कुठे ट्यूबवेलवर. आणखी पश्चिमेला इंदिरा गांधी कालव्याने गावांना प्यायला पाणी दिलं, त्याचं मोल तिथे राहणाऱ्यालाच कळेल. पण पाण्यापाठोपाठ नांगर आला आणि सेवण गवताची पठारं शेतात गेली. उजनीखाली आमच्याकडे जे झालं, तेच इथे कितीतरी मोठ्या पसाऱ्यात झालं आहे.

मंगळवार, खीचन, रामदेवरा, लाठी

फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर खीचन. सूर्य उगवायच्या आधीच एका घराच्या गच्चीवर जाऊन बसलो. समोर कुंपण घातलेलं मोकळं आवार, त्याला चुग्गाघर म्हणतात. तिथे रोज पोत्यांनी ज्वारी टाकली जाते. तांबडं फुटताना पहिली माळ आली आणि मग आकाशात माळांमागून माळा. कांड्या करकोचे. इथे त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून हजारो पक्षी इथे हिवाळा काढायला येतात. इथल्या जैन व्यापारी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणा पुरवला, परमुलखात गेलेल्यांनीही पैसे पाठवले. आवाज एवढा होता की दादाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

गच्चीवरच्या माणसाने एक गोष्ट सांगितली आणि ती पुढचा सगळा प्रवास माझ्या डोक्यात राहिली. गावाजवळून विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांना आपटून कुरजां मरायचे. गावातली माणसं कोर्टात गेली, पाठपुरावा करत राहिली आणि त्या तारा हटवायला लावल्या. म्हणजे हे होऊ शकतं. त्यासाठी गावाला तो पक्षी आपला वाटावा लागतो.

तिथून रामदेवरा. भाद्रपदातल्या जत्रेला लाखो माणसं बाबा रामदेवांच्या दर्शनाला येतात, त्यात आपल्याकडचीही असतात. आम्ही दर्शन घेतलं. गावाबाहेर माळढोकाचं प्रजनन केंद्र आहे. तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही आणि तसाच नियम हवा. दुरून नुसतं कुंपण दिसलं. तरी तिथे गाडी थांबवून थोडा वेळ उभी राहिले, कारण आत जे चाललंय त्यावर या जातीचं भवितव्य बऱ्याच अंशी टेकलेलं आहे.

2018 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राजस्थानचं वनखातं आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात करार झाला. 2019 मध्ये जैसलमेरजवळच्या सम इथे पहिलं केंद्र सुरू झालं. रानातल्या घरट्यांतून अंडी काळजीपूर्वक उचलून आणायची, यंत्रात उबवायची, पिलं हातावर वाढवायची. घरटं म्हणजे तरी काय, उघड्या जमिनीवरचा एक खळगा. मादी बहुधा एकच अंडं घालते, सत्तावीस दिवसांच्या आसपास ते उबवते आणि पिलू एकटीच वाढवते. नर त्यात कुठेच नसतो. त्या एका अंड्यावर खोकड, घोरपड, कावळे आणि गावकुत्री सगळ्यांचा डोळा असतो. वर्षाला एक अंडं, तेही जगेलच असं नाही, अशा हिशोबाने वाढणाऱ्या जातीतली दोन-चार मोठी पाखरं दगावली तरी ती भरून यायला कितीतरी वर्षं जातात.

आम्ही गेलो त्याच्या थोडंच आधी, 2024 च्या ऑक्टोबरात, एक मोठी गोष्ट घडली होती. रामदेवऱ्याच्या केंद्रात वाढलेल्या सुदा नावाच्या नराचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या सम केंद्रात नेऊन तिथल्या टोनी या मादीला कृत्रिम गर्भधारणा केली गेली आणि 16 ऑक्टोबरला पिलू जन्मलं. या जातीत असं पहिल्यांदाच झालं. तिलोरांचं, म्हणजे माळढोकाच्या लहान भाऊबंदांचं, असं प्रजनन अबू धाबीची एक संस्था बरीच वर्षं करते आहे, तिथलं तंत्र इथे कामी आलं. या कुळातल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी एके काळी अरब शहजादे ससाणे घेऊन याच वाळवंटात उतरायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी राजस्थानातली माणसं त्याविरुद्ध रस्त्यावर आली होती. आता तिकडचं ज्ञान इकडे पिलं जगवायला येतं आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

आम्ही गेलो तेव्हा दोन्ही केंद्रांत मिळून चाळीसच्या वर पक्षी झाले होते. रानात मात्र देशभर मिळून दीडशेपेक्षा कमी उरलेत असं मानलं जातं. 1969 च्या अंदाजात हाच आकडा 1,260 होता. आज जे आहेत ते जवळजवळ सगळे थारमध्ये. कच्छमध्ये नुसत्या माद्या राहिल्या, नरच नाही. आंध्रातलं रोल्लापाडू अभयारण्य तर रिकामंच झालं.

दुपारी लाठीच्या बाजूने जैसलमेरकडे. पोकरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात आणि त्याच्या कडेला माळढोक बऱ्यापैकी टिकून आहेत. तोफांचे आवाज त्यांना चालतात, कारण त्या हद्दीत नांगर, कुंपण, गुरं आणि माणसांची ये-जा नाही. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. या पक्ष्याला आपल्याकडून फार काही नको असतं, त्याची जागा तेवढी त्याला हवी असते.

बुधवार, सुदासरी

राष्ट्रीय मरुउद्यानाचा पसारा 3,162 चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत. पण त्यातही गावं आहेत, शेतं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत. पक्ष्याला खरोखर निवांत मिळतं ते कुंपण घातलेल्या काही राखीव तुकड्यांत. सुदासरी त्यातला एक. परवाना आदल्या संध्याकाळी जैसलमेरच्या कार्यालयातून घेतला होता. समच्या वाळूच्या टेकड्या, तंबू, उंटवाले, सगळं मागे टाकत पहाटेच पुढे गेलो. थंडी अशी की बोटांनी दुर्बीण धरवेना.

आत जायला उंटगाडी. हाकणारा विशीतला पोरगा, बोलणं अगदी कमी. सेवणाचे झुबके गुडघ्याच्या वर आलेले, मधे खिंप, मधे केर. चिंकारा दोन-तीनदा दिसले. जमिनीलगत धाविक पक्षी पळाले. वर एक गरुड घिरट्या घालत होता. तास गेला, दीड तास गेला.

मग त्या पोराने गाडी थांबवली आणि नुसता हात लांब केला.

गवताच्या पल्याड एक मान. पांढरीस्वच्छ, लांब, सरळ. वर काळी टोपी. आणखी एक मान. तिसरी. दुर्बिणीत धरल्यावर पाठ दिसली, मातकट तपकिरी. ती पाठ गवतात अशी मिसळते की पक्षी खाली वाकला की नाहीसाच होतो. दोन माद्या होत्या आणि त्यांच्यापासून अंतर ठेवून एक नर, छातीवर काळा पट्टा असलेला. उंची माणसाच्या कमरेएवढी, वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकतं. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांत याची गणना होते. पण चाल बघावी. घाई नाही, भीती नाही. एक पाऊल, थांबणं, मान तिरकी करून खाली बघणं, टोळ टिपणं, पुन्हा एक पाऊल. एखादा म्हातारा पाटील सकाळी स्वतःच्या शिवारातून फेरी मारायला निघाला आहे असं वाटत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोलापूर जिल्ह्यात वाढले, जिल्ह्याची ओळख म्हणून या पक्ष्याचं चित्र सगळीकडे पाहिलं आणि जिवंत पक्षी पाहायला राजस्थान गाठावं लागलं. दादाने दुर्बीण घेतली ती बराच वेळ परत दिलीच नाही. नान्नजला पाखरापायी जमीन अडकल्याचं सांगणारा माझा भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "हे आपल्याकडे असंच चालायचं. अण्णा सांगायचे, तुरीत यायचं म्हणून." अण्णा म्हणजे आमचे वडील. हे त्याने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

विणीचा काळ असता तर नर गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर घेतो आणि दूरवर ऐकू जाईल असा खोल घुमारा देतो. हिवाळ्यात ते दिसत नाही. विणीच्या दिवसांत मुद्दाम ते बघायला जाऊही नये. बिचकलेली मादी अंड्यावरून उठली की पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

माद्या उडाल्या तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आधी धावल्या, मग जड पंखांनी उचलल्या गेल्या, आणि मग सरळ रेषेत, फार उंच न जाता, दूर गेल्या. वळणं नाहीत, झोल नाहीत. शिवाय डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण नाकासमोरचं कमी. जमिनीवरचा शत्रू ओळखण्यासाठी घडलेली ती नजर आहे. समोर तार आली आणि ती दिसली तरी एवढं अंग ऐन वेळी वळवायचं कसं?

गुरुवार, देगराय ओरण

जैसलमेरच्या आग्नेयेला देगराय मातेचं ओरण आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. आपल्या देवरायांसारखंच, फक्त इथे घनदाट झाडीऐवजी गवत, बोर, केर आणि पाण्याचे नाडे, म्हणजे छोटी तळी. सुमारे साठ हजार बिघ्यांचं रान. इथली फांदीसुद्धा तोडायची नाही, नांगर लावायचा नाही. गुरं, शेळ्या, उंट चरायचे. शेकडो वर्षं हा नियम कुठल्याही शिपायाशिवाय पाळला गेला.

देवळाजवळ उंट घेऊन बसलेल्या एका आजोबांशी आमच्या चालकाने बोलणं जमवलं. त्यांनी आधी चहा दिला आणि मग हात वर करून तारा दाखवल्या. उत्तरेकडे उंच मनोरे, एकामागून एक, क्षितिजापर्यंत. त्यांच्या पलीकडे सौर पट्ट्यांची चमकती पसरण, पवनचक्क्या. "ये ज़मीन कागज में खाली है," ते म्हणाले. ओरणाचा बराच भाग महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलाच गेलेला नाही. तिथे तो नुसती सरकारी जमीन म्हणून दिसतो, आणि जिथे शेत नाही, घर नाही, ती जमीन पडीक, ती द्यायला मोकळी. गावं वर्षानुवर्षं मागणी करताहेत की ओरणं ओरण म्हणून नोंदवा.

पडीक. आमच्याकडेही माळाला हेच म्हणतात. साऱ्या प्रवासात मला कोणी विचारलं असतं की माळढोकाचा मुख्य शत्रू कोण, तर मी याच नोंदीकडे बोट दाखवलं असतं. शिकाऱ्याला 1972 च्या कायद्याने बऱ्याच अंशी थांबवलं. पण गवताळ रान म्हणजे काहीच नसलेली जागा, असं एकदा दप्तरात ठरलं की ऊस, झाडं, कालवा, सौर प्रकल्प, जे येईल ते चांगलंच वाटतं. त्यावर चरणारी गुरं, त्यात जगणारे सांडे (काटेरी शेपटीचे सरडे), खोकड, भटतित्तर आणि माळढोक कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

2020 च्या सप्टेंबरात याच ओरणाच्या भागात तारेखाली एक गोडावण मरून पडलेला सापडला होता. भारतीय वन्यजीव संस्थेने थारमधल्या 4,200 चौरस किलोमीटरच्या टापूचा अभ्यास करून अंदाज काढला तो असा की त्या एवढ्याशा भागात तारांमुळे वर्षाला सुमारे 84 हजार पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. बाकी जाती कदाचित सोसतील. ज्या जातीचे दीडशेही उरलेले नाहीत, ती सोसणार नाही.

कुत्र्यांचा विषयही आजोबांनीच काढला. मेलेली जनावरं गावाबाहेर टाकतात, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि मग त्या चिंकारांवर, अंड्यांवर, पिलांवर पडतात. त्यावर नसबंदी, मेलेल्या जनावरांची नीट विल्हेवाट आणि राखीव तुकड्यांभोवती जाळीचं कुंपण हे उपाय आहेत आणि ते करता येण्याजोगे आहेत.

शुक्रवार, परतीचा रस्ता

जैसलमेर ते जोधपूर. लाठीच्या आसपास चालकाने स्वतःहून गाडी थांबवली. रस्त्याला लागून वीजवाहिनी, तिच्या तारांवर ठरावीक अंतरावर लटकवलेल्या फिरत्या चकत्या. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून. काही वाऱ्यावर फिरत होत्या. काही अडकून बसल्या होत्या आणि खांबांमधल्या दोन गाळ्यांत तर एकही नव्हती. चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं, आंधीत तुटतात, मग बदलायला कोणी येईपर्यंत तशाच राहतात.

माजी सनदी अधिकारी आणि वन्यजीव अभ्यासक एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2021 ला आदेश दिला होता की माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्या, जिथे लगेच शक्य नाही तिथे अशा चकत्या लावा. तो भाग सुमारे 99 हजार चौरस किलोमीटरचा होता. सरकारने अडचणी मांडल्या: उच्च दाबाच्या तारा एवढ्या अंतरावर जमिनीखाली नेणं तांत्रिकदृष्ट्या कठीण, खर्च प्रचंड, आणि कोळसा कमी करायचा तर सूर्याची वीज हवीच. 21 मार्च 2024 ला न्यायालयाने आधीचा आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

सौर विजेला माझा विरोध नाही. ऊन तापतंय ते सोलापूरकराला कोणी सांगायला नको. पण हे वाळवंट केवढं मोठं आहे ते मी आता डोळ्यांनी पाहून आले. त्यात माळढोक जिथे खरोखर राहतो, उडतो, अंडी घालतो, तो पट्टा थोडा आहे आणि पक्ष्यांना लावलेल्या, ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रांमुळे तो बराचसा माहीतही झाला आहे. सम-सुदासरी आणि पोकरण-लाठी-रामदेवरा ही दोन ठाणी आणि त्यांच्यामधली वाट. नवे मनोरे तेवढ्यातून वळवून न्या. कमी दाबाच्या तारा आहेत त्या आधी जमिनीखाली घ्या, ते जमतं, खीचनच्या बाजूला तारा हलल्याच की. ओरणं दप्तरात ओरण म्हणून नोंदवा, म्हणजे ती राखायला तिथली माणसं आहेतच. आणि हे वेळेत व्हायला हवं, कारण रामदेवरा आणि समच्या केंद्रांत वाढणारी पिलं पुढे कधीतरी मोकळ्या रानात सोडायची आहेत. ती सोडाल तेव्हा वर याच तारा असतील तर एवढ्या मेहनतीने उबवलेलं अंडं आणि आईशिवाय वाढवलेलं पिलू आपण कशासाठी वाढवलं?

दादा गाडीत बसल्या बसल्या हिशोब घालत होता. आमच्या वाटणीच्या रानात वरच्या अंगाला अडीच एकर बरड आहे, तिथे पाणी चढत नाही. यंदा तिथे नांगर घालायचा विचार होता. तो म्हणाला, "तेवढं गवतालाच ठेवू. वैरण तरी होईल." जोधपूर यायला अजून दोन तास होते. मग तो चालकाला सेवणाचं बी कुठे मिळतं ते विचारू लागला. मी म्हटलं, दादा, आपल्या मातीत आपलं कुसळी आणि पवन्याच चांगलं. त्यावर आमची जोधपूरपर्यंत चर्चा चालली.